अल्पमोल गिटार आणि सरकती कांब

बीडहून सोलापूरच्या वाटेने दक्षिणेस जाताना घाट चढून गेले की मांजरसुंबा लागते. येथून एक रस्ता केज-अंबाजोगाईकडे आणि दुसरा पाटोद्याकडे फुटतो. जवळच्या कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी आहे व कार्तिकी पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. भजनाच्या निमित्ताने एकतारी, वीणा, पेटी आणि पखवाज ही वाद्ये अशा गावांत पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. अलीकडे त्यांत गिटारीची भर पडली आहे. शहरात शिकावयास गेलेला एखादा विद्यार्थी चार-पाच हजार रुपयांच्या आतील गिटार विकत घेऊन येतो, काही आठवडे तिच्याशी झगडतो आणि पुढे ती भिंतीवरील खुंटीला लटकते. तारा दांडीपासून फार उंच असतात, त्या दाबताना बोटे सोलवटून निघतात, आणि एवढे करूनही ज्या रागाचे स्वर त्याच्या कानांत घोळत असतात ते त्या पडद्यांवर सापडत नाहीत.

या अनुभवातील दोन तक्रारी परस्परांहून भिन्न आहेत. तारांची उंची हा स्वस्त वाद्याच्या घडणीचा दोष होय. स्वर न सापडणे हा मात्र घडणीचा दोष नसून पडदे बसविण्याच्या तत्त्वाचा परिणाम होय. महागडी गिटार घेतली तरी तो टळत नाही. तारेवर कांब सरकवून वाजविण्याच्या पद्धतीत या दोन्ही अडचणी एकदमच दूर होतात. ही पद्धत कोठून आली, तिचे तत्त्व काय आणि अल्पमोल गिटार तिच्यासाठी कशी सिद्ध करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. पूर्वपीठिका

ही पद्धत सामान्यतः ‘हवायन गिटार’ या नावाने ओळखली जाते, आणि ते यथार्थही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांत ती रूढ झाली. तिच्या प्रवर्तनाचे श्रेय बहुधा जोसेफ केकुकू या वादकाला दिले जाते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनानंतर तिचा जगभर प्रसार झाला. १९४० नंतरच्या दशकात टाऊ मो हे हवाईयन वादक कलकत्त्यास राहिले व तेथे त्यांनी अनेकांना ही विद्या दिली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांच्यासारख्या वादकांनी तिला घराघरात पोहोचविले. रागसंगीतात तिला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे कार्य ब्रिजभूषण काब्रा यांनी केले. अली अकबर खाँ यांच्याकडे शिकलेल्या काब्रांनी शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ ची होय. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी चिकारीच्या व तरफेच्या तारा बसवून मोहनवीणा सिद्ध केली. राय कूडर यांच्यासह केलेल्या ध्वनिमुद्रणासाठी १९९४ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

परंतु वाद्य परकीय असले तरी वादनाचे तत्त्व या भूमीस अपरिचित नव्हते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. या वीणेस पडदे नाहीत. वादक डाव्या हातात वेळूची ‘कम्रिका’ धरतो आणि ती तारेवर सरकवून स्वर काढतो. म्हणजे मराठवाड्याच्याच एका राजसभेत, सुमारे आठशे वर्षांपूर्वी, या पद्धतीचे शास्त्रीय वर्णन लिहिले गेले होते. उत्तरेतील विचित्रवीणा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्य ही याच तत्त्वावरील वाद्ये होत. गोट्टुवाद्याच्या प्रसाराशी तंजावर परिसरातील तिरुविडैमरुदूर येथील सखाराम राव यांचे नाव निगडित आहे. प्रसिद्ध गायक सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांनी त्यांच्यापाशी संगीताचे पाठ घेतले होते. या वाद्यांचा आणि हवाई गिटारीचा ऐतिहासिक संबंध जोडण्याचे येथे प्रयोजन नाही. तत्त्व एक आहे, एवढे ध्यानात घेणे पुरेसे आहे.

२. पडदा आणि कांब

गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग पाडून बसविलेले असतात. ही विभागणी कोणत्याही स्वरास षड्ज मानून वाजविण्याच्या दृष्टीने सोयीची आहे. पण तंबोऱ्याच्या नादात जो शुद्ध गांधार ऐकू येतो तो तीत बसत नाही. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली, तर तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गांधार तारेच्या वरच्या टोकापासून १२९.६ मिलिमीटरवर येतो. गिटारीचा चौथा पडदा मात्र १३३.७ मिलिमीटरवर असतो. अंतर केवळ चार मिलिमीटरांचे. परंतु कानाला ते स्पष्ट जाणवते. पडद्यावर बोट दाबणाऱ्यास हे अंतर भरून काढता येत नाही, कारण तार कोठे तुटावी हे बोट ठरवीत नसून पडदा ठरवितो.

दुसरी उणीव मींडेची. आकाशवाणीने १९४० साली पेटीस बंदी घातली, आणि १९७१ पर्यंत ती कायम राहिली. स्वरांची स्थिर विभागणी आणि मींड काढण्यातील असमर्थता हे पेटीवरील प्रमुख आक्षेप होते. हेच आक्षेप पडद्यावर दाबून वाजविलेल्या गिटारीवरही, काहीशा सौम्य प्रमाणात, घेता येतात. सतारीवर तार बाजूला ओढून मींड काढता येते, कारण तिचे पडदे उंच व कमानदार असतात. गिटारीच्या सपाट दांडीवर या क्रियेस फारसा वाव नाही.

कांब वापरली की परिस्थिती पालटते. तार पडद्यास टेकतच नाही. कांब हीच तारेची सरकती मर्यादा होते, आणि पडदे केवळ स्वरस्थानांच्या खुणा म्हणून उरतात. भाषेच्या अभ्यासकाला येथे एक साम्य सहज जाणवेल. उच्चारात ध्वनी एकमेकांत मिसळत अखंड वाहतो. त्यातील वर्णांच्या सीमा ध्वनिलहरीत आखलेल्या नसतात, त्या श्रोत्याचे भाषाज्ञान ठरविते. कांबेखालील तारेचेही तसेच आहे. नाद अखंड असतो, विभागणी कान करतो. म्हणून अशा वाद्याची सिद्धता करणे म्हणजे जी मर्यादा पडद्यांवर सोपविलेली होती ती काढून घेऊन हाताकडे व कानाकडे देणे होय. पुढील सर्व सूचना या एकाच तत्त्वातून निघतात.

३. वाद्याची पारख

या कामी गिटार स्वस्त असली तरी चालते. किंबहुना काही बाबतींत स्वस्त गिटारीचे दोष निरुपद्रवी ठरतात. तारा उंच असणे हे तर इष्टच. पडदे झिजलेले किंवा वरखाली असले तरी बिघडत नाही, कारण तार त्यांना स्पर्श करीत नाही. दांडीला थोडा बाक आलेला असला तरी, तो वाढत नसेल तर, चालतो.

मात्र चार गोष्टी कसोशीने पाहाव्यात. पहिली, गिटार पोलादी तारांसाठी घडविलेली असावी. ज्या गिटारीच्या घोडीस नायलॉनच्या तारा गाठ मारून बांधतात, तिच्यावर पोलादी तारा चढवू नयेत. नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारणतः ४० किलोग्रॅमच्या आसपास असतो, तर पोलादी तारांचा ७० किलोग्रॅमहून अधिक. हा भार तिच्या तबलीस पेलत नाही. दुसरी, घोडी तबलीस घट्ट चिकटलेली असावी. घोडीच्या मागील कडेखाली कागद सरकत असेल तर डिंक सुटू लागला आहे असे समजावे. तिसरी, तबली घोडीमागे फुगलेली व छिद्रासमोर खचलेली नसावी. चौथी, खुंट्या फिरवून सोडल्यावर जागच्या जागी राहाव्यात. कांबवादनात तारा एका ठरावीक मेळात मिळविलेल्या असतात. एक तार उतरली तरी सर्व मेळ बिघडतो.

४. अटी आणि घोडी

तंबोऱ्यावर खुंट्यांच्या बाजूस जिच्यावरून तारा जातात त्या पट्टीस अटी म्हणतात. गिटारीच्या त्याच भागास येथे तेच नाव योजले आहे. वाद्य मांडीवर आडवे ठेवून जड कांबेने वाजवावयाचे असेल तर अटीपाशी तारा दांडीपासून ८ ते १० मिलिमीटर उंच असाव्या लागतात. ही उंची कमी असली की कांब पडद्यांवर आदळून खडखडाट होतो.

यासाठी मूळ अटीवर टोपीसारखी बसणारी धातूची पट्टी बाजारात अल्प किमतीत मिळते. ती न मिळाल्यास जुन्या, पूर्ण वाळलेल्या शिसवाची किंवा बाभळीची पट्टी घेऊन तिच्या तळाशी मूळ अटीच्या मापाची खाच पाडावी व ती अटीवर बसवावी. खळ किंवा डिंक लावण्याचे कारण नाही. तारांच्या दाबाने ती जागेवर राहते आणि पुढे गिटार पूर्ववत करावयाची झाल्यास सहज निघते. एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. नव्या पट्टीची तारेस टेकणारी कड मूळ अटीच्या पुढील कडेच्या बरोबर वर यावी. ती मागेपुढे झाल्यास तारेची लांबी बदलते आणि पडदे खुणा म्हणूनही निरुपयोगी होतात. ताळा पाहणे सोपे आहे : अटीपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर आणि बाराव्या पडद्यापासून घोडीवरील पट्टीपर्यंतचे अंतर जवळजवळ समान भरले पाहिजे.

उंची वाढवावयाची ती मुख्यतः अटीपाशी, घोडीपाशी नव्हे. नवशिके बहुधा येथेच चुकतात. घोडीवरील पट्टी जितकी उंच तितका तारांचा ओढ घोडीस पुढे उलथविण्याचा प्रयत्न करतो, आणि स्वस्त गिटारीच्या प्लायवुडच्या तबलीस तो सोसत नाही. महिना-दोन महिन्यांत तबली फुगते किंवा घोडी उखडते. म्हणून घोडीवरील पट्टी आहे त्याच उंचीची ठेवून केवळ तिचा माथा सरळ करावा.

माथा सरळ करण्याचे कारण असे. पोलादी तारांच्या गिटारीची दांडी किंचित कमानदार असते आणि अटी व घोडी याही त्याच कमानीत घासलेल्या असतात. कांब सरळ असल्यामुळे कमानीवरील मधल्या तारांवर ती टेकते आणि कडेच्या तारा सुटतात. सबब घोडीची पट्टी काढून सपाट काचेवर पॉलिश कागद ठेवून तिचा माथा सरळ घासावा. फार घासावे लागल्यास नवी पट्टी करावी. अटीतील खाचांची खोली अशी ठेवावी की सर्व तारांचे माथे, तळ नव्हे, एका पातळीत यावेत. म्हणजे जाड तारेची खाच अधिक खोल होईल. शेवटी पोलादी फूटपट्टी तारांवर आडवी ठेवून पाहावी. ती सहाही तारांना एकाच वेळी टेकली, तर हे काम साधले.

गिटार उभी धरून करंगळीत काचेची नळी घालून वाजविण्याचीही एक रीत आहे. तिच्यात मधून मधून पडद्यांवर बोटेही दाबावयाची असतात. अशा वेळी अटी उंच न करता, बाराव्या पडद्यापाशी तारा सुमारे ३ ते ४ मिलिमीटर उंच ठेवणे पुरते. रागसंगीतासाठी मात्र आडवी रीतच अधिक अनुकूल.

५. तारा आणि मेळ

कांबेचे वजन पेलण्यासाठी तारा जाड हव्यात. पातळ तार कांबेखाली दबते आणि आवाज बसका होतो. परंतु जाड तार म्हणजे अधिक ताण, आणि अधिक ताण म्हणजे स्वस्त गिटारीस धोका. हा पेच मेळाच्या निवडीने सुटतो.

गिटारीचा नेहमीचा मेळ जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई असा असतो. कांबवादनासाठी सुचविण्याजोगा मेळ डी, ए, डी, एफ तीव्र, ए, डी हा होय. डी हा षड्ज मानला तर त्याचे रूप सा, प, सा, ग, प, सा असे होते. यात चार तारा उतरवाव्या लागतात, दोन आहेत तशाच राहतात, आणि एकही चढवावी लागत नाही. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे या मेळात एकूण ताण सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. ज्यांची सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची असते त्या संचाऐवजी ०.०१३ इंचाचा संच घेतल्यास ताण सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. दोहोंचा हिशेब जवळजवळ बरोबरीस येतो. म्हणजे जाड तारा लावूनही वाद्यावरील भार पूर्वीइतकाच राहतो.

याउलट ई हा षड्ज धरून हाच मेळ लावल्यास तीन तारा चढवाव्या लागतात आणि भार वाढतो. स्वस्त गिटारीवर तो कटाक्षाने टाळावा. गायकाच्या षड्जाशी जुळविण्यासाठीही तारा वर ओढू नयेत. दोन पडद्यांच्या अंतरापर्यंत उतरविणे निर्धोक असते.

या मेळातील शुद्ध गांधार प्रत्येक रागात चालणार नाही. ज्या रागांत गांधार कोमल आहे तेथे तिसरी तार हाताने दाबून मुकी ठेवावी. मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने पाचवी व दुसरी तार मध्यमावर उतरवावी आणि तिसरी तार मूळच्या जी स्वरावर, म्हणजे मध्यमावरच, ठेवावी. सा, म, सा, म, म, सा असा मेळ त्यातून सिद्ध होतो.

६. कांब व स्वरस्थाने

आडव्या रीतीसाठी भरीव पोलादाची, ७ ते ८ सेंटिमीटर लांबीची व सुमारे २ सेंटिमीटर व्यासाची कांब पुरेशी असते. लेथवर काम करणारा कारागीर अशी कांब सहज करून देऊ शकतो. तिचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असणे हीच खरी अट. सूक्ष्म ओरखडाही तारेवर खरखर करतो. टोके गोलाकार असावीत.

कांब तारेवर दाबावयाची नसून ठेवावयाची असते. तिच्या स्वतःच्या वजनाने ती टेकते. तिच्या मागील, म्हणजे अटीकडील, तारेचा तुकडाही कंप पावतो व बेसूर नाद करतो. तो थांबविण्यासाठी डाव्या हाताची मोकळी बोटे कांबेमागून तारांवर हलकेच टेकवून सरकवीत न्यावीत. तारा दांडीपासून उंच असल्याने बाजूने पाहिल्यास कांबेचे स्थान चुकीचे भासते. म्हणून खूण पाहताना दृष्टी सरळ वरून असावी.

स्वरस्थानांसाठी ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेचा हिशेब मार्गदर्शक ठरेल. शुद्ध ऋषभ ७२ मिलिमीटरवर, म्हणजे दुसऱ्या पडद्यापुढे सुमारे एक मिलिमीटर. कोमल गांधार १०८ वर, तिसऱ्या पडद्यापुढे सुमारे पाच. शुद्ध गांधार चौथ्या पडद्याअलीकडे चार. शुद्ध मध्यम व पंचम अनुक्रमे पाचव्या व सातव्या पडद्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरात. शुद्ध धैवत २५९.२ वर, नवव्या पडद्याअलीकडे साडेतीन. शुद्ध निषाद ३०२.४ वर, अकराव्या पडद्याअलीकडे सुमारे दोन; आणि तार षड्ज ३२४ वर, बरोबर बाराव्या पडद्यावर. हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत. पडद्याची खूण कोठे विश्वासार्ह आहे आणि कोठे नाही, हे त्यांवरून कळावे एवढाच त्यांचा उपयोग. रागपरत्वे श्रुतिभेद येणार तो तंबोऱ्यासमोर कानानेच ठरवावयाचा आहे.

७. हवापाणी

बालाघाटावरील गावांत उन्हाळा कोरडा व कडक. पारा ४० अंशांवर जातो. पुढे पावसाळ्यात हवा दमट होते. लाकूड या दोन ऋतूंत आकुंचन व प्रसरण पावते. अखंड फळीची तबली असलेली भारी गिटार अशा कोरड्या हवेत तडकण्याचा संभव अधिक. थरांच्या प्लायवुडची स्वस्त गिटार त्यामानाने टिकते. तिचा शत्रू उष्णता हा होय. पत्र्याच्या छताखाली किंवा उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ठेवलेल्या गिटारीचा डिंक मऊ पडतो व ताणलेल्या तारा घोडी उपटून काढतात. उन्हाळ्यात वाद्य बराच काळ वाजवावयाचे नसल्यास सर्व तारा तीन-चार पडद्यांच्या अंतराने उतरवून, ते आतल्या भिंतीशी, पेटीत बंद करून ठेवावे.

८. समारोप

या पद्धतीच्या मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. सतारीवरील द्रुत तानांचा लखलखाट येथे कष्टसाध्य आहे. मोहनवीणेतील तरफेचा गुंजारव सहा तारांच्या गिटारीत मिळणार नाही, आणि प्लायवुडची तबली फार काळ नाद धरून ठेवीत नाही. परंतु आलाप, मींड आणि शब्दप्रधान भजनाची चाल यांसाठी लागणारे जे मूलद्रव्य, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात अखंड जाणारा नाद, ते या अल्पमोल वाद्यात पूर्णांशाने उपलब्ध होते. त्यासाठी एक लाकडी पट्टी, एक सरळ घासलेली घोडी, जाड तारांचा एक संच व एक पोलादी कांब एवढी सामग्री पुरते.

वाद्याच्या किमतीचा प्रश्न येथे तितकासा निर्णायक राहत नाही, कारण सुरेलपणाची जबाबदारी घडणाऱ्याने पडदे बसवून उचललेली नसते; ती वादकावर येते. भिंतीवर लटकलेली गिटार खाली काढणाऱ्यास हा लाभ आहे आणि हीच कसोटीही आहे. शुद्ध गांधारासाठी चार मिलिमीटर मागे यावयाचे, हे त्याला कोणताही पडदा सांगणार नाही. ते ज्या कानाला ऐकू येईल त्यालाच त्या गिटारीवर गांधार सापडेल.